टाकीतली कृष्णाबाई

विभावरीला मासे नकोच होते. हे तिनं दुकानात उभं राहूनच सांगितलं होतं, पण सांगून ऐकतील तर ते गुणवंत आणि तन्मय कसले! लेकाचा चौदावा वाढदिवस, बापाच्या डोक्यात खूळ, आणि शारजातल्या अल नहदाच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सोफ्याला खेटून तीन फुटी काचेची टाकी येऊन बसली.

सुरुवातीला काय तो उत्साह! गुणवंतनं ढीगभर व्हिडिओ पाहिले. टाकीत नुसतं पाणी भरून महिनाभर फिल्टर चालू ठेवला. पाण्यात आधी चांगले जंतू वाढावे लागतात म्हणे, नाहीतर मासे स्वतःच्याच घाणीनं मरतात. "लोणचं मुरवताय की मासे पाळताय?" विभावरीनं विचारलं, तर बापलेक तिच्याकडे अशा नजरेनं बघायला लागले, जशी काही ती अडाणीच.

मग मासे आले. निळ्यालाल रेघांचे इवले टेट्रा, रुबाबदार एंजलची जोडी, आणि काचेला तोंड चिकटवून शेवाळ खाणारा एक तपकिरी, कुरूप मासा. त्याला पाहून विभावरीला पहिल्यांदा हसू आलं. पुण्याला त्यांच्याकडे भांड्यांना येणाऱ्या कृष्णाबाई अशाच होत्या. कुणाशी बोलणं नाही, चालणं नाही, खाली मान घालून घासत राहायच्या. तिनं त्या माशाचं नाव कृष्णाबाईच ठेवलं. "या घरात कामाच्या बायका दोनच," ती म्हणायची, "एक ही आणि एक मी."

हे गमतीत म्हटलेलं पुढे खरंच झालं. गुणवंतचा प्रोजेक्ट आला, तन्मयच्या ट्यूशन्स आल्या, आणि टाकी विभावरीच्या अंगावर पडली. दर शनिवारी नळीनं खालचा गाळ ओढायचा, एक तृतीयांश पाणी काढायचं, त्याच काढलेल्या पाण्यात फिल्टरचा स्पंज खंगाळायचा, काच पुसायची, क्लोरीन मारायचं औषध घालून नवं पाणी भरायचं. आठवडाभर दुबईतल्या ऑफिसची बस, रोजचा तो ट्रॅफिक, आल्यावर पोळ्या, आणि सुट्टीच्या दिवशी हे! तन्मयच्या वाट्याला एकच काम उरलं होतं, सकाळी चिमूटभर खाऊ टाकायचा. तोही एका हातात फोन धरून.

पाण्याची इथली तऱ्हा उलटीच. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाक्या इतक्या तापतात की गार नळाला हात लावायची सोय नाही. मग मे महिन्यातच गीझर बंद करायचा. त्याच्यात साठलेलं पाणी एसीच्या घरात निवतं, आणि गार पाणी हवं तर गरम पाण्याचा नळ सोडायचा. नवीन आलेला माणूस गोंधळतो, मग त्यालाही सवय होते. विभावरीला तर इतकी झाली होती, की टाकीचा पाइप डोळे मिटूनही ती त्याच नळाला लावायची.

ऑक्टोबर संपत आला होता. शनिवारी बापलेक क्रिकेटच्या कोचिंगला गेलेले. विभावरीची कंबर धरली होती, बोटं आदल्या दिवसापासून ठणकत होती. वाकून वाकून गाळ ओढताना तिचा जीव इतका मेटाकुटीला आला की ती टाकीलाच म्हणाली, "मरत का नाही रे एकदाचे? सुटेन तरी मी!"

मग पाइप लावला, औषध घातलं, पाण्याखाली हात धरून पाहिला. गार होतं. भिंतीतल्या पाइपात आधीचं साठलेलं पाणी होतं ते, पण हे तिच्या ध्यानात कसं येणार? तेवढ्यात मॅनेजरचा फोन आला. सुट्टीच्या दिवशी त्याला कुठलीशी फाइल हवी होती. ती सोफ्यावर बसून बोलत राहिली. फोन ठेवून मान वळवली तर टाकीच्या काचेवर वाफ धरलेली.

"अगं बाई!" म्हणत तिनं पाइप ओढला, टाकीत बर्फ ओतला, हातांनी पाणी ढवळलं. काही उपयोग झाला नाही. टेट्रा वर तरंगायला लागले, एंजल आडवे झाले. कृष्णाबाई तेवढी काचेला चिकटून होती. थोड्या वेळानं तीही सुटून खाली पडली.

बाथरूमबाहेरच्या बोर्डावर गीझरचा लाल दिवा जळत होता. कुणी लावला? एक्झॉस्टचं बटण त्याच्याच शेजारी. आपलाच हात पडला असणार, विभावरीला वाटलं, आणि लगेच तोंडातून निघालेले ते शब्द आठवले. तिनं गीझर बंद केला. लबनच्या, म्हणजे इथल्या ताकाच्या, रिकाम्या डब्यात मासे भरून खाली नेले आणि पार्किंगजवळच्या कडुलिंबाखाली पुरले. कमोडमध्ये टाकायला तिचं मन धजलं नाही.

वर येऊन ती उत्तराची जुळवाजुळव करत बसली. विचारलं की सांगायचं, सगळं सांगायचं. दार उघडलं, बापलेक आत आले. टाकीचा दिवा चालू होता, फिल्टर बुडबुडत होता, झाडं हलत होती. गुणवंत सोफ्यावर टेकला आणि म्हणाला, "चहा टाकतेस का गं?"

तिनं चहा टाकला.

रविवारी कुणी विचारलं नाही. सोमवारी सकाळी तन्मय आला, फोनवरची नजर न उचलता टाकीत चिमूट सोडली आणि बॅग उचलून गेला. खाऊ पाण्यावर तसाच तरंगत राहिला. विभावरी डबे भरता भरता बघत होती. आधी तिला हायसं वाटलं, मग राग आला, आणि मग रागाचीही ताकद उरली नाही. वर्षभर कुणासाठी पाठ मोडून घेतली मी? रिकाम्या टाकीत आणि भरलेल्या टाकीत यांना फरकच कळत नाही. उद्या मी या स्वयंपाकघरात नसले, तर यांना कधी कळेल? डबा मिळाला नाही की!

मंगळवारी ट्रॅफिकमधून पिचून ती घरी आली, तेव्हा गुणवंत टाकीसमोरच उभा होता. ती दारातच थांबली.

"पाणी फार गढूळ दिसतंय गं," तो म्हणाला. "या शनिवारी बदललं नाहीस का? बरं, जेवायला काय आहे?"

विभावरीनं पर्स खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि बसली.

"आधी टाकीतले मासे मोजा. मग वाढते."

"म्हणजे?"

"मोजा म्हणते ना! तन्मय, तूही ये. फोन ठेव तो."

दोघं काचेला नाक लावून उभे राहिले. झाडांमागे पाहिलं, दगडांमागे पाहिलं. तन्मयनं टाकीला फेरी मारली.

"बट आय फेड देम टुडे," तो बारीक आवाजात म्हणाला. "आई, व्हेअर आर दे?"

"शनिवारीच गेले. गरम पाणी पडलं. माझ्या हातून गीझर लागला आणि मला कळलं नाही. मी मारले. आणि तू रोज खाऊ घालतोयस, शाब्बास!"

तन्मयचा चेहरा उतरला. त्यानं बाही वर केली आणि पाण्यावरचा कुजका खाऊ बोटांनी गोळा करायला लागला. गुणवंत मात्र टाकीकडे बघत नव्हता. तो बाथरूमबाहेरच्या बोर्डाकडे बघत होता.

"गीझर मी लावला होता, विभा."

"तुम्ही? का?"

"तू शुक्रवारी भांडी घासताना म्हणालीस ना, बोटं ठणकतात म्हणून. शनिवारी निघताना लावला. म्हटलं जरा कोमट पाणी येऊ दे नळाला."

"मग सांगायचं नाही?"

"सांगायचं काय त्यात? कळेलच म्हटलं, हात घातल्यावर."

बोटांचं ते ती सिंककडे तोंड करून म्हणाली होती. कुणाला उद्देशून नव्हे, आपलं असंच. तेव्हा बाहेर टीव्हीवर मॅच चालू होती. शनिवारपासून साठवलेलं सगळं बोलणं राहूनच गेलं, आणि तिला हुंदका फुटला.

"आई, डोन्ट क्राय," तन्मय घाबरून म्हणाला. "वी कॅन गेट न्यू वन्स."

"खबरदार!" ती पदराअभावी ओढणीनं नाक पुसत म्हणाली. "काही नको आणायला. कृष्णाबाईसाठी रडतेय मी."

तन्मयला ते पटलं. गुणवंत बोर्डाकडे गेला आणि गीझर लावून आला.