दुपारच्या बाई

टप्. नळाखालच्या पातेल्यात थेंब पडला आणि घरभर ऐकू गेला. तिनं टीव्ही लावला, आवाज बारीक केला आणि चार वर्षांच्या लेकीकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. दोन वाजले होते. बाई येणार होत्या.

बाई म्हणजे घरबसल्या शिकवणाऱ्या विद्यापीठाच्या, टीव्हीवरच्या. ती शिशुवर्गात मदतनीस होती. नाकं पुसायची, बुटांच्या जोड्या लावायची. विद्यापीठाचं पहिलं वर्ष पास झाली तर पुढल्या सत्रात तिला स्वतःचा वर्ग मिळणार होता. नाही झाली, तर जागा दुसऱ्या कुणाला. परीक्षा आठ दिवसांवर आली होती.

विषय बालमानसशास्त्र. मुलांचे प्रश्न दडपू नयेत, असं बाई सांगत. ती ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेई, आणि लेकीनं तोंड उघडलं की डोळे वटारून तिला गप्प करी. पंधराव्या मिनिटाला हिची स्वतःचीच मान छातीवर. जाग येई तेव्हा बाई निरोप घेत असत. ‘गेल्या वर्षी आपण पाहिलंच आहे,’ असं बाई अधूनमधून म्हणत, तेव्हा हिला वाटे, पाहिलं असेल, आपलंच डोकं ठिकाणावर नसतं. तरी वही भरत आली होती, आणि त्याचा तिला केवढा तोरा!

आज विद्यापीठाचा फॉर्म आला होता: टीव्हीवरच्या पाठांबद्दल आपलं मत काय? बाई बोलत होत्या आणि ही भराभर खुणा करत होती. पाठ उपयुक्त वाटतात? अत्यंत. एकाग्रतेनं पाहता? इथं पेन जरा अडखळलं, पण ‘नेहमी’वर जाऊन टेकलं. आपले पाठ किती वाजता लागतात? दोन, तिनं लिहिलं, आणि उगाच खात्री करायला वेळापत्रक काढलं.

पहिलं वर्ष, सकाळी सहा. दुसरं वर्ष, दुपारी दोन.

तिनं कागद उलटसुलट करून पाहिला. मग नवऱ्याला फोन लावून सगळं सांगितलं. तो आधी पोटभर हसला.

“अगं, दुसऱ्या वर्षाची तयारी झाली की तुझी,” तो म्हणाला. “पहिल्याचं काय?”

पहिल्या वर्षाची पुस्तकं अजून पाकिटातून बाहेरसुद्धा निघाली नव्हती. हे त्याला सांगायचा तिला धीर झाला नाही. तिनं फोन ठेवला.

लेकीनं सगळं ऐकलं होतं. ती टीव्हीजवळ गेली, बाईंना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि आईकडे वळली.

“ह्या तुझ्या बाई नव्हत्याच,” ती म्हणाली, “तर मग तू मला रोज गप्प का बसवायचीस?”