खडखड्या पंखा आणि पहिली पायरी

मित्रांनो, मी एक जुना टेबलफॅन आहे. माझ्या खडखडाटाला नावं ठेवायची असतील तर खुशाल ठेवा, मला सवय आहे. पण आधी माझं ऐकून घ्या.

सुरतमधल्या उधन्याच्या एका कापड विणणाऱ्या लूम कारखान्यात मी मुकादमाच्या टेबलावर फिरायचो. एकदा पडलो, पातं वाकलं आणि खडखडू लागलो. शेटने मला खानदेशातून आलेल्या कारागीर बन्सीलालला देऊन टाकलं. धर्माची गाय, तिचे दात कोण बघतो!

त्याची खोली कारखान्याच्या भिंतीला लागून होती. त्याची लेक धनश्री लूमच्या धडधडाटातच पाढे शिकली. पुढे ते भेस्तानला राहायला गेले. तिथे सगळं शांत, आणि पोरीच्या डोक्यात अक्षर शिरेना! मग मीच तिचा लूम झालो. मी खडखडायचो, ती वाचायची.

भिंतीवर तिने एक कागद चिकटवला होता. तळाशी 'अधिकारी', त्यावर एकेक पद, मग 'डेप्युटी गव्हर्नर' आणि टोकाला 'गव्हर्नर, रिझर्व्ह बँक'. टोकाची खुर्ची सरकार देतं, पण पहिली पायरी परीक्षेने मिळते, असं ती आईला समजावून सांगायची.

"मंग पहिली तं चढ माय!" उषाबाई हसायची.

तीच चढता येईना. पहिल्या परीक्षेहून धनश्री पांढरीफटक पडून परतली.

"काय व्हयनं, पोरी?" बन्सीलालने विचारलं.

"हॉलमध्ये चिडीचूप होतं, बाबा. माझंच काळीज धडधडताना ऐकू येत होतं. येत असलेलं सगळं विसरले."

म्हणजे घात मीच केला होता!

दुसरी परीक्षा उन्हाळ्यात होती. ती हुकली तर कागद फाडायचा आणि पांडेसऱ्याच्या एखाद्या मिलच्या ऑफिसात नोकरी धरायची, असं घरात ठरलं. एका सकाळी धनश्रीने माझी पिन काढली. सुरतचा तो मे महिना! घामाने वहीची पानं भिजायची. उषाबाईचा हात पिनेकडे गेला की ती ओरडायची, "नको ना, आई! शांततेत बसायची सवय होऊ दे." दीड महिना मी मुका. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? पण तिचा घामेजलेला चेहरा पाहून जीवही तुटायचा.

दुसऱ्या परीक्षेच्या अंतिम निकालाच्या दुपारी तिघं एका मोबाइलवर वाकली होती. पान उघडता उघडेना.

"नंबर उना का?" बन्सीलाल पुन्हा पुन्हा विचारत होता.

धनश्री उठली, सरळ माझ्याकडे आली आणि तिने पिन खोचून बटण दाबलं. धूळ उडवत मी खडखडलो आणि त्या आवाजात ती हमसून हमसून रडू लागली. गेलं सगळं, असं वाटून मी घाबरलो.

"नंबर आला, बाबा! आला माझा नंबर!"

डोळे पुसून बन्सीलाल म्हणाला, "आते नवा पंखा लेऊत. हाऊ भंगारमा दी टाकूत."

"अजिबात नाही. त्याला तेल घाला. त्याचा आवाज मात्र घालवू नका."

मित्रांनो, धनश्री आता मुंबईला आहे, अजून पहिल्याच पायरीवर. टोक गाठेल की नाही, कुणाला ठाऊक! दिवाळीला घरी आली की आधी माझं बटण दाबते, मग चपला काढते. तुमच्याही घरात कुणी माझ्यासारखं जुनं, खडखडणारं असेल. त्याला तेलपाणी करा. कामासाठी बंद ठेवावं लागलं तर ठेवा, आम्ही रुसणार नाही. फक्त परत येऊन बटण दाबायला विसरू नका.