जुळलेल्या भुवया

खुजंदजवळच्या आमच्या पासपोर्ट कार्यालयात बाहेर काढलेला फोटो चालत नाही. स्टुडिओवाले दोन चेहरे मिसळून एक करू लागले, तेव्हापासून फोटो आम्हीच खिडकीपाशी काढतो आणि यंत्र तो जुन्या पासपोर्टातल्या फोटोशी ताडून पाहतं. यंत्रापाशी मी बसते. भौतिकशास्त्र शिकल्याचा एवढा उपयोग झाला.

नवा पासपोर्ट काढायला आलेल्या सनोबरमावशींचे मी काढलेले दोन्ही फोटो यंत्राने नाकारले. पडद्यावर लाल अक्षरांत ‘फेरफार’ आलं. जुन्या पासपोर्टची मुदत संपली होती आणि शुक्रवारी त्यांना कझानला जायचं होतं. तिथे त्यांच्या मुलीचे दिवस भरले होते.

"मावशी, भुवयांना उस्मा लावलाय?" त्या पाल्याच्या रसाने भुवया जोडून घ्यायची आमच्या बायकांना हौस आहे.

"छे गं. जन्मापासून जुळलेल्याच आहेत."

"सगळ्या असंच म्हणतात," मागून तुर्सूनोव साहेब म्हणाले. "पुसा."

मावशींनी ओल्या रुमालाने कपाळ लाल होईपर्यंत घासलं. रुमाल पांढराच राहिला.

मी जुना फोटो मोठा करून पाहिला. भुवयांमधल्या कातडीला रंध्रंच नव्हती.

"हा कुणी काढला?"

"बाजारातल्या शरीफने. म्हणाला, मावशी, मधलं गवत फुकटात काढून देतो."

"साहेब, फेरफार जुन्या फोटोत आहे. आजचा खरा आहे."

"मग जुना पासपोर्टच खोटा ठरतो. चौकशीला राजधानीत, दुशान्बेला पाठवावा लागेल. दोन महिने."

"अहो, पहिलटकरीण आहे ती! जवळ कुणी नाही तिच्या," मावशी म्हणाल्या. "दुसरं काहीच करता येणार नाही?"

साहेबांनी विचार केला. "यंत्रावर हिरवं आलं, तर माझी हरकत नाही."

मावशी समोरच्या पार्लरमध्ये जाऊन आल्या. भुवयांमधली जागा सुजून गुलाबी झाली होती. मी फोटो काढला. हिरवं आलं: ‘चेहरा अस्सल’.

"बघ," साहेब मला म्हणाले. "तू उगाच खुसपट काढत होतीस."

नियमाप्रमाणे सूचना देणं माझं काम होतं. "मावशी, पासपोर्ट दहा वर्षांचा आहे. सीमेवर हाच चेहरा लागेल. मधले केस वाढू देऊ नका."

"दहा वर्षं?"

"हो."

त्यांनी मधल्या जागेवरून बोट फिरवलं.

"मुलीला दोरा फिरवता येतो," त्या म्हणाल्या. "सही कुठे करू?"