नऊ जणांचा सामना

देशाच्या फुटबॉल संघात बचावाला खेळणारा डॉक्टर म्हणजे मंडळासाठी एका दगडात दोन पक्षी. वेगळा डॉक्टर आणायलाच नको! आदल्या दिवशी सगळ्यांचे गुडघे बांधायचे यानेच आणि सामन्यात लाथा खायच्या त्याही यानेच. बदली खेळाडूची पद्धत तेव्हा नव्हती. हात मोडो, डोकं फुटो, उतरले ते अकराच.

त्या दिवशी पाहुण्या संघातल्या एका धिप्पाड गड्याचा गुडघा आपल्या गोलकीपरच्या कानशिलावर बसला. गोलकीपर उठला, हसला, मध्यंतरापर्यंत खेळलाही. पण कपडे बदलायच्या खोलीत आल्यावर तो बाकावर बसल्या बसल्या भडाभडा ओकला. डॉक्टरने त्याच्या पापण्या उचलून पाहिल्या. एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी झाली होती. म्हणजे कवटीच्या आत रक्त साकळत होतं.

"हा खेळणार नाही. याला आत्ताच्या आत्ता इस्पितळात न्यायला हवं."

"आणि आम्ही दहा जण खेळवायचे?" मंडळाचे अध्यक्ष कडाडले. "तुझी डॉक्टरकी दवाखान्यात. इथे तू खेळाडू आहेस."

"मग काल सगळ्यांचे गुडघे बांधताना कोण होतो मी?"

"डॉक्टर, मी ठीक आहे हो," गोलकीपर भिंतीला धरून उभा राहिला. "घरचे सगळे बघायला आलेत. अब्रू घालवू नका माझी."

"शाब्बास!" अध्यक्षांनी त्याची पाठ थोपटली.

पाठ थोपटायला यांच्या बापाचं काय जातंय! डॉक्टरच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने गोलकीपरला सरळ खांद्यावर टाकलं.

"दाराबाहेर पाऊल टाकलंस तर पुन्हा संघात दिसणार नाहीस," अध्यक्ष म्हणाले.

त्या संघासाठी डॉक्टरने उमेदीची सगळी वर्षं वेचली होती. तरी तो निघाला. फाटकापर्यंत लोकांनी त्याची हुर्यो उडवली.

सर्जनने कवटीला भोक पाडून साकळलेलं रक्त काढलं, तेव्हा डॉक्टर चिखलाने माखलेल्या पोशाखातच बाहेर उभा होता. तिकडे नऊ जण सपाटून हरले. खापर अर्थातच डॉक्टरच्या माथी फुटलं आणि मंडळाने त्याला संघातून कायमचं काढलं.

त्याचं त्याला एवढं लागलं नाही. लागलं ते गोलकीपरचं. चांगला शुद्धीवर आल्यावर त्याने डॉक्टरला पाहून भिंतीकडे तोंड फिरवलं.

"जगासमोर पळपुटा केलंत मला. जन्मात बोलणार नाही तुमच्याशी."

"नको बोलूस!" डॉक्टर ओरडला. "चांगली पन्नास वर्षं नको बोलूस!"