सहा ते सातचा तास

वंदनाचं वजन छप्पन्न किलो होतं आणि तिच्या उंचीला ते अगदी बरोबर होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जो तो हेच विचारत होता की एवढ्या बेताच्या बाईला व्यायामाची काय धाड भरली होती. काटा खोटं बोलत नव्हता. पण पुरतं खरं दिसलं ते रामटेकला, भाच्याच्या लग्नाचा व्हिडिओ पाहताना. अक्षता टाकताना कॅमेरा नेमका तिच्या बाजूनं फिरला, आणि खांदे पुढे पडलेली, पोट सुटलेली, पाठीला बाक आलेली एक बाई पडद्यावर आली. ही कोण, असं वंदनाच्या मनात आलं. मग स्वतःचीच मोरपंखी साडी ओळखू आली आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वय चव्वेचाळीस, आणि व्हिडिओतली बाई साठीची दिसत होती.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला विचारलं, "मी अशीच दिसते का हो?"

जितेंद्रनं मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. "कशी? चांगली तं दिसते."

माणूस वाईट नव्हता. त्यानं गेल्या दहा-बारा वर्षांत तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं, एवढंच. आणि याची त्याला स्वतःलाही खबर नव्हती.

कामठी रोडला लागून त्यांचा लेआउट, प्लॉट पाडून वसलेली कॉलनी. तिथल्या बागेत मिनल नावाची एक शाळेतली पीटीची बाई सकाळी सहा ते सात बायकांचा व्यायाम घ्यायची. तिशीची पोरगी, पण जीभ तिखट. वंदनाला तिनं पुढून, मागून, बाजूनं पाहिलं आणि म्हणाली, "काकू, तुम्हाले वजन कमी कराचं नाही. उपाशी राहून याल तं परत पाठवीन. काटा छप्पन्नच दाखवीन, पण चरबीच्या जागी मांस आलं पाहिजे. पाठ, दंड, मांड्या. चार महिने लागतीन."

पहिल्या दिवशी वंदनानं पंधरा बैठका काढल्या आणि दुसऱ्या दिवशी तिला जिना उतरता येईना. तरी ती गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. बाकीच्या बायका अर्धा वेळ सुनांची उणीदुणी काढत, ही मात्र दात-ओठ खाऊन मोजत राही. आधी पाण्याच्या बाटल्या, मग डंबेल, मग वीस किलोची सळई. कंबरेतून वाकायचं नाही, गुडघ्यात बसायचं, पाठ सरळ, भार टाचांवर, हे मिनलनं तिच्या डोक्यात इतकं भरलं की ती गॅसचं सिलिंडरसुद्धा तसंच सरकवू लागली. चार महिन्यांनी काटा छप्पन्नवरच होता. कंबर मात्र तेहतीसची तीस झाली होती, खांदे मागे गेले होते आणि जुन्या ब्लाउजच्या बाह्या दंडाला घट्ट बसत होत्या. न्हाणीघराच्या आरशात ती मान वळवून स्वतःची पाठ पाहायची आणि हसायची. सासर, बाहेरगावी शिकणारा मुलगा, सणवार, सगळं सगळ्यांचं होतं. ही पाठ तेवढी तिची एकटीची होती, आणि ती तिला फार म्हणजे फार आवडायची.

हा तास तिला मिळत होता तो प्रयागबाईमुळे. सासूबाई रुखमाबाईंना दोन वर्षांपूर्वी लकवा मारला होता. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली, डोकं मात्र शाबूत. प्रयागबाई कामठीहून पहाटेच्या शेअर ऑटोनं यायची, सहाच्या आत दारात हजर. ती सासूबाईंना उचलायची, साफ करायची, कूस बदलायची, खुर्चीत बसवायची. म्हणून वंदनाला बूट घालून बाहेर पडता यायचं. सासूबाईंना ते काही पसंत नव्हतं. "या वयात कोनाले दाखवाचं हाये?" असं त्या बोबड्या जिभेनं रोज विचारायच्या. वंदना उत्तर द्यायची नाही, कारण उत्तर एकच होतं, मला स्वतःला, आणि ते सासूला सांगण्यासारखं नव्हतं.

डिसेंबरात प्रयागबाईला ताप आला आणि ती चार दिवस आलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई पलंगावरून अर्ध्या घसरल्या, डोकं खाली, पाय वर. जितेंद्र घाबरून शेजारच्या गणपतरावांना बोलवायला पळाला. वंदनानं पाय फाकवले, गुडघ्यात बसली, दोन्ही हात सासूच्या काखेखालून घातले, पाठ सरळ ठेवली आणि उचललं. एका दमात म्हातारी परत पलंगावर. गणपतराव धापा टाकत आले तेव्हा काम आटोपलं होतं.

"तुम्ही एकटीनं?" गणपतराव म्हणाले.

इथंच ती चुकली. हो म्हणून गप्प बसली असती तर भागलं असतं. पण चार महिन्यांत तिच्या मेहनतीचं कौतुक करणारं घरात कोणी भेटलं नव्हतं, आणि आता दोन पुरुष तोंड उघडं टाकून पाहत होते. तिनं पदर खोचला आणि सासूला पुन्हा उचलून खुर्चीत बसवून दाखवलं. जितेंद्रनं टाळी वाजवली. कित्येक वर्षांनी त्यानं बायकोकडे डोळे भरून पाहिलं, आणि ती मूर्ख बाई सुखावली.

दुपारपर्यंत बातमी उमरेडला दिराकडे पोहोचली. "वहिनी तं पहिलवान निघाल्या गा," कृष्णकांत फोनवर हसत होता. आठवडाभर जितेंद्रनं हीच गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितली. आणि महिना संपला तसं प्रयागबाईला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगून टाकलं. वंदनाला हे चहा गाळताना कळलं.

"परकी बाई कशाले पाहिजे घरात? आज ताप, उद्या लग्न, परवा मयत. आईले घरचाच हात बरा," तो म्हणाला.

"आणि माझा व्यायाम? सहा वाजता तं आईले उचलाच लागते."

"अवं, मग व्यायामच होऊन राहिला न तो. दिवसातून सात-आठ डाव. बागेत जाऊन लोखंड काहून उचलतं?"

हे त्याला खरोखर पटलं होतं, हेच वाईट. भांडायला माणूस आडमुठा असावा लागतो. हा तर खूश होता, तिला तिच्या आवडीचंच काम दिल्यासारखा.

लोखंडाची सळई भित्री नसते. ती मध्येच एका अंगाला लोंबकळत नाही, गळ्याला मिठी मारत नाही, ओली होऊन निसटत नाही. सासूबाईंचं मेलेलं उजवं अंग उचलताना वंदनाची डावी कंबर दर वेळी चमकायची. फेब्रुवारीत दुखणं पायात उतरलं. हाडाच्या डॉक्टरनं वजन उचलायचं नाही असं स्पष्ट लिहून दिलं. तिनं ती चिठ्ठी फ्रिजवर लावली.

"आई म्हणजे काय वजन आहे का?" जितेंद्र चिठ्ठी वाचून म्हणाला. "हळू उचलत जा."

तिनं एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, जेवताना रडून सांगितलं. तो पाठीला लावायचं मलम घेऊन आला. उमरेडच्या दिराला फोन केला तर तो म्हणाला, वहिनी, तुमच्याएवढी ताकद आमच्या हिच्यात असती तं आईले इकडंच आणलं असतं. एकदा केलेलं काम रोज करता येतं असं या घरानं धरून ठेवलं होतं. मार्चअखेर वंदनाचे खांदे पुन्हा पुढे पडले, आणि दुखरी कंबर सांभाळताना ती एका अंगानं वाकडी चालू लागली. न्हाणीघरात गेली की आता ती आरशाकडे पाठ करून अंघोळ उरकायची. व्हिडिओतल्या बाईपेक्षाही बिघडलेली बाई तिला पाहायची नव्हती.

हे सगळं घरात एकाच माणसाला दिसत होतं, आणि ते माणूस पलंगावर होतं.

"वंदे," एका सकाळी सासूबाई म्हणाल्या. "मले पाड."

वंदनाला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय म्हणता?"

"पाड मले. एक डाव. तुयी कंबर गेली, मले दिसते. जितूले तोंडानं सांगतलेलं समजत नाही. लहानपणापासून तसाच हाये तो. मी पडली का तो आपोआप प्रयागले बोलावीन."

"असं बोलू नका, आई."

"खाली गादी टाक. गादीवर का होते मले?"

वंदनानं तिला गप्प केलं, पण म्हातारी हट्टाला पेटली होती. रोज सकाळी तेच. पाड मले. आज तरी पाड. कोणाला दाखवायचं म्हणून रोज टोमणे मारणारी ही बाई, आणि आता सुनेच्या कंबरेसाठी स्वतःला पाडून घ्यायला निघाली होती. वंदनाला तिचा राग यायचा आणि तिच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटायचं. पाच दिवस ती नाही म्हणाली. सहाव्या दिवशी सकाळी डावा पाय मुंग्यांनी इतका भरून गेला की तिला संडासातून उठता येईना. त्या दिवशी तिनं पलंगाजवळ जाड गादी अंथरली.

तिनं सासूला उचललं. सासूबाईंनी डाव्या हातानं धरलेली तिची मान सोडली आणि डोळे मिटले. "आता," त्या म्हणाल्या.

हात निसटले, असं वंदनानं पुढे सगळ्यांना सांगितलं. हात निसटले नव्हते. ते तिनं उघडले होते.

उंची जेमतेम दीड-दोन फूट. खाली गादी. दोघींनाही वाटलं होतं की थोडं लागेल, थोडी आरडाओरड होईल. पण दोन वर्षं पलंगावर पडून वाळलेलं हाड होतं ते, आणि ते गादीवरही टिकलं नाही. खुब्यातून आवाज आला. मग म्हातारी ओरडली, आणि जितेंद्र दाढीचा साबण तसाच घेऊन धावत आला.

डॉक्टर म्हणाले, वय अठ्ठ्याहत्तर, हृदय कमजोर, ऑपरेशन झेपणार नाही. पायाला वजन लटकवा आणि जितकं सुखात ठेवता येईल तितकं ठेवा. दवाखान्याच्या व्हरांड्यात जितेंद्र पोरासारखा रडला. मग वंदनाकडे वळून म्हणाला, "तुझ्यानं होत नव्हतं, तं सांगाचं असतं न मले."

वंदनानं त्याच्या हातातली औषधांची चिठ्ठी घेतली आणि ती औषधं आणायला गेली.

सासूबाईंनी कोणाला एक शब्द सांगितला नाही. विचारलं की म्हणायच्या, पडली. प्रयागबाईनं तोवर दुसरं घर धरलं होतं, तेव्हा दुसरी एक बाई ठेवली. म्हातारीनं ठरवलं होतं तसंच सगळं झालं म्हणायचं. पहिल्या सकाळी नवी बाई आली, आणि सासूबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून वंदनाला सांगितलं, "जा. टाइम होऊन राहिला."

वंदना बूट घालून गेली. मिनलनं तिला हलकी डंबेल दिली, म्हणाली, कंबर बरी होईस्तोवर एवढंच, हळूहळू सगळं येईन परत. वंदनानं मूठ आवळली. आवळलेली मूठ उघडायची वेळ आली आणि तिला पलंगाजवळची ती गादी दिसली. तिनं डंबेल गवतात ठेवली आणि कडेच्या बाकावर जाऊन बसली. बायका मोजत होत्या, एक, दोन, तीन. ती सात वाजेपर्यंत बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही बसली. महिना झाला, ती रोज जाते आणि रोज बसते.

घरी आली की सासूबाई पावलांचा आवाज ओळखतात. दुखण्यानं चेहरा काळवंडलाय, तरी डोळे दाराकडे असतात.

"केला का?"

"केला," वंदना म्हणते.

"किती?"

"पन्नास बैठका काढल्या आज."

म्हातारीचं अर्धं तोंड हसतं. "मग बरं झालं," ती म्हणते. तेवढ्यात नवी बाई कूस बदलायला येते आणि त्या खोलीतून असा आवाज निघतो की शेजारी गणपतराव खिडकी लावून घेतात. वंदना ओरडणं थांबेपर्यंत उशाशी उभी राहते, सासूचा डावा हात हातात घेऊन. उद्या साठ सांगायच्या, असं ती मनाशी ठरवते.