मागच्या काचेवरच्या खुणा

मित्रांनो, सानगडीजवळच्या एका शाळेत, अडगळीच्या खोलीत, फाटक्या नकाशांच्या मागे माझा मुक्काम आहे. मी एक जुनी काचेची पेटी. माझे लोखंडी कोपरे गंजले आहेत. माझी मागची काच मात्र कितीतरी वर्षांत कुणी पुसलेली नाही. का, ते सांगते.

१९८१ साली साकोलीच्या एका वेल्डिंगवाल्याने मला घडवले. वासुदेवराव गुरुजी शाळेत विज्ञान शिकवत. मुलांनी समुद्र पाहिलेला नव्हता, तो निदान हातभर तरी दाखवावा, ही त्यांची हौस. त्यांचे साडू रत्नागिरीला राहत. साडूंनी आधी एस.टी.ने, मग रेल्वेने कॅन भरून खारे पाणी आणले, दगड आणले, दोन लहान मासे आणले. मुले पाण्यात बोट बुडवून चाखत आणि तोंडे वाकडी करत. मासे कणकेच्या गोळ्या खात. त्या घालण्याचे काम शाळेत झाडलोट करणाऱ्या मनकर्णाबाईंचे.

वर्षभरात माझ्या काचा शेवाळाने हिरव्या झाल्या. शेवाळ खाणारा मासा आणा, असे गुरुजींनी साडूंना कळवले. मनकर्णाबाईंना ते एवढेच म्हणाले, "बाई, दिवाळीनंतर नवा पाहुना येऊन राहिला पेटीत."

पाहुणा येणार म्हटले की मनकर्णाबाई घरी अंगण सारवत. इथे त्यांनी मला घासले. नारळाच्या शेंडीने चारही काचा घासल्या, एकेक दगड घासला. त्या दिवशी मला माझ्या चकाकीचा मोठा अभिमान वाटला. तो अजून बोचतो.

नवा मासा बोटाएवढा, तपकिरी, जाड ओठांचा होता. आल्या आल्या तो काचेला तोंड लावत फिरू लागला. एक काच झाली की दुसरी, मग पुन्हा पहिली. मला त्याचे ओठ जाणवत होते. त्यांना कुठेच काही लागत नव्हते.

बाईंनी कणकेच्या गोळ्या घातल्या, मुरमुरे घातले, शिजलेला भात घातला.

"मावशी, जावई रुसला वाटते," मुले हसून म्हणत. "पुरनपोळी करा."

"चूप बसा. दमून आला असंन तो."

चौथ्या दिवशी माशाचे पोट आत गेलेले दिसले. बाईंनी गुरुजींना बोलावून आणले.

"हा खात काहून नाही, गुरुजी? मी याले का का नाही देलं."

गुरुजींनी माझ्याकडे निरखून पाहिले. "काचा कोनं घासल्या?"

"मीनंच. पाहुन्याले घान दाखवाची का?"

गुरुजी म्हणाले, "ते घान नोहतं, बाई. तेच त्याचं जेवन होतं. चूक माहीच हाय. मी तुमाले सांगतलंच नाही."

गुरुजींनी पालकाची पाने उकळत्या पाण्यातून काढून दगडाला बांधली. माशाने ती हुंगूनही पाहिली नाहीत. मग बाई रोज सकाळी सगळ्यांआधी येऊन माझ्या मागची खिडकी उघडू लागल्या. शेवाळ धरायला ऊन हवे होते. मी ते अंगावर घेत राहिले. एवढी घाई मी जन्मात केली नव्हती, पण शेवाळाला घाई कळत नाही.

नवव्या दिवशी मागच्या काचेवर हिरवट साय आली. दगडाआड पडून असलेला मासा उठला आणि त्याने ओठ लावले. एकापुढे एक इवल्या अर्धगोल खुणा उमटत गेल्या, वीतभर.

"खाल्लं, गुरुजी," मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या. "खाल्लं त्यानं."

दुसऱ्या सकाळी तो वाळूवर आडवा पडला होता.

पुढे ते दोन मासेही गेले. मला रिकामी करताना बाई म्हणाल्या, "मांगची काच राहू द्या." पाणी वाळले, मीठ उरले, आणि मिठात त्या खुणा उरल्या.

मित्रांनो, नवा जीव तुमच्याकडे आला तर त्याच्यासाठी काही करण्याआधी, त्याला काय लागते ते समजून घ्या. माया पुष्कळ होती, फक्त विचारायचे राहून गेले.

पावसाळ्यात माझ्या मिठाला पाणी सुटते. खुणा ओल्या होतात, आत्ताच कुणी ओठ लावून गेल्यासारख्या. मनकर्णाबाई आता थकल्या आहेत, तरी त्या दिवसांत एकदा येतात. काचेला बोट लावत नाहीत.

"आज खाल्लं वाटते," म्हणतात, आणि जाताना खिडकी उघडी ठेवून जातात.