मालकाचा रकाना

वीरण्णा सरांनी बावीस वर्षं चालवलेलं 'व्यापार आणि विचार' हे त्रैमासिक दोन हजार तीनच्या जूनमध्ये माझ्या हवाली केलं, तेव्हा लोखंडी कपाटाच्या किल्लीबरोबर डिंकाची एक बाटलीही दिली. किल्ली कुणीही दिली असती. बाटली देणं सरांनाच सुचावं.

बाटली होती पट्टीसाठी. आलेल्या प्रत्येक लेखावरच्या नावावर खाकी कागदाची पट्टी चिकटवायची, लेख वाचायचा, घ्यायचा की परत पाठवायचा ते ठरवायचं आणि मगच पट्टी ओली करून काढायची, असा त्यांचा शिरस्ता. लेख मोठ्या साहेबांचा असो की देगलूरच्या नव्या अधिव्याख्यात्याचा, पट्टी सगळ्यांना. एकदा सरांनी असाच स्वतःच्या साडूचा लेख परत पाठवला होता, आणि त्यावरून सरांच्या पत्नी रत्नम्मा काकूंच्या माहेरी सहा महिने कुणी त्यांच्याशी धड बोललं नाही. दुसरा शिरस्ता असा, की ज्या दुकानात बसून आपण माहिती गोळा केली तिथे अंक छापून आल्यावर एक प्रत पोचती करायची. "ज्याच्या घरचं पाणी प्यालो त्याला अंक गेलाच पाहिजे," असं सर म्हणायचे.

मी सरांची विद्यार्थिनी. माहेर नांदेडचं, कॉलेजातली नोकरी आणि संसार लातुरात. त्या दिवसांत लातूर म्हणजे डॉक्टर-इंजिनिअर करून देणारं गाव झालं होतं. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या, आणि पहाटे साडेपाचला सायकलींची अशी गर्दी की भाजीवालीला हातगाडी काढता येऊ नये. आमच्या घरातही तेच. ह्यांनी कॉलेजची नोकरी सोडून एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला घेतलं होतं. अशा गावात वाणिज्य विषयाचं नियतकालिक काढणं म्हणजे लग्नघरी उपासाची पंगत मांडण्यासारखं. पण मला ते पद हवं होतं. सोळा वर्षं हवं होतं, खोटं कशाला बोलू.

पहिलाच अंक सरांच्या सत्तरीचा गौरव विशेषांक ठरला. सप्टेंबरात काढायचा, म्हणजे त्र्याण्णवच्या भूकंपालाही दहा वर्षं होत होती. त्यामुळे सरांचा गाजलेला लेख, 'भूकंपानंतरची दुकानदारी', त्यात पुन्हा छापायचा हे वेगळं ठरवावंच लागलं नाही. त्या लेखानं आमच्या अंकाला पुण्या-मुंबईत नाव मिळवून दिलं होतं. उद्ध्वस्त गावांतली चौसष्ट दुकानं त्यात तपासली होती, त्यातली एक्केचाळीस वर्षभरात पुन्हा उघडली होती. त्या एक्केचाळीस मालकांची नावांसकट यादी शेवटी जोडली होती. आणि एक वाक्य होतं, जे पुढे ज्यानं त्यानं उचललं: 'या एक्केचाळिसांत एकही स्त्री नाही, संकटानंतर स्त्रिया व्यापारापासून दूर गेल्याचे दिसते.'

ती यादी मी केली होती. चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर जीपमधून गावोगाव फिरून, पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहून, माझ्या हातानं.

जुलैच्या एका दुपारी कॉलेजच्या वाणिज्य विभागात एकटीच बसून मी आलेले लेख वाचत होते. नावांवर पट्ट्या चिकटवायचं काम आमच्या शिपाई भामाबाई करत, त्यामुळे मलाही नावं ठाऊक नसायची. चौथा लेख बारा पानांचा होता, हातानं लिहिलेला, अक्षर सुबक. लेखकानं सरांची ती यादी घेऊन गावं पुन्हा पालथी घातली होती. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: एक्केचाळीस मालकांपैकी नऊ जण यादी झाली तेव्हा हयातच नव्हते. ते भूकंपातच गेले होते. त्यांची दुकानं पुन्हा उघडली होती त्यांच्या बायकांनी. बोर्ड मात्र नवऱ्याच्या नावाचाच ठेवला होता.

मग ही चूक झाली कशी, तेही लिहिलं होतं. 'आमच्याकडे बायका नवऱ्याचे नाव तोंडाने घेत नाहीत. मालकाचे नाव विचारल्यावर त्यांनी बोर्डाकडे बोट केले. सर्वेक्षकाने बोर्डावरचे नाव उतरवून घेतले असावे.'

ते 'असावे' मला जास्त लागलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

कारण मला आठवलं. सगळं नाही, एकच जागा. पत्र्याची शेड, बाहेर गुळाच्या ढेपा, आत एक बाई. कपाळावर भस्म, पण ते लिंगायतांत सगळ्यांच्याच कपाळावर असतं. डोक्यावरचा पदर गळ्यापर्यंत ओढलेला. मी विचारलं, मालकाचं नाव काय. तिनं हनुवटीनं वर दाखवलं. वर ताज्या रंगाचा बोर्ड. मी रकाना भरला, तिनं दिलेलं पाणी प्याले आणि जीपवाला हॉर्न वाजवत होता म्हणून निघाले. मालक आहेत कुठे, एवढं विचारायला काय लागत होतं?

मी पट्टी काढली नाही. तसाच लेख पिशवीत घातला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सरांकडे गेले.

सरांची पूजा आटोपली होती. रत्नम्मा काकूंनी चहा ठेवला, "घे ग, गार होतोय," म्हणून आत गेल्या. सरांनी बाराही पानं वाचली. मग चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"पट्टी काढली न्हाईस?"

"नाही सर."

"मग कुणी लिहिलंय ते ठाऊक न्हाई."

"नाही. पण खरं लिहिलंय. मला ती बाई आठवते."

सरांनी पानं जुळवून माझ्यापुढे ठेवली. "गौरव अंकात नको," ते म्हणाले. "पुढच्यात घे. लोक सत्काराच्या कार्यक्रमाला येणार, उदगीरचे पाहुणे येणार. त्याच दिवशी कशाला? मी काय पळून चाललो का?"

खरं सांगते, मला हेच ऐकायचं होतं. सरांचंही झाकलं जाणार आणि माझंही. पुढचा अंक म्हणजे डिसेंबर, तोवर कोण वाचतंय. मी जिना उतरले ती अगदी हलकी होऊन, आणि कोपऱ्यावर कोथिंबीर घेताना भाजीवालीशी उगाच हसून बोलले.

घरी जेवताना ह्यांना सगळं सांगितलं. हे सकाळच्या तीन बॅच घेऊन आलेले, आवाज बसलेला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण त्या बाईनं बोर्ड दाखवला तेव्हा तुला कळलं कसं नाही?"

"कसं कळणार? मी काय मनकवडी आहे?"

"नाही, तू माझं नाव कधी घेतलंस? गॅसवाला विचारतो, कनेक्शन कुणाच्या नावावर, तर तू दारावरची पाटी दाखवतेस. उखाण्यात एकदा घेतलंस तेवढंच."

मला राग आला. ताट उचलून मी उठलेच. खरं बोललेलं मला जेवताना पचत नाही. मोरीत हात धुताना लक्षात आलं, की सगळ्या मराठवाड्यात ही खूण ओळखू शकणारी सर्वेक्षक कुणी असेल तर ती मीच होते, आणि मीच चुकले. ज्या बायकांनी पत्रे उभे करून दुकान थाटलं त्यांना मी दुकानातून काढून घरी बसवलं होतं. आणि आता त्यांच्याच खांद्यावरून सरांना हार घालायला निघाले होते.

सर 'पुढच्यात घे' म्हणाले होते. पण घ्यायचं की नाही हे आता सरांनी ठरवायचं नव्हतं. डिंकाची बाटली माझ्या कपाटात होती.

त्या दुपारी मी लेखावर 'स्वीकृत, सप्टेंबर' असं लिहिलं, सही केली आणि बोट ओलं करून पट्टी काढली. खाली नाव होतं: अक्षरा बसवंत बिराजदार. मी जुना अंक उघडला. यादीत सतराव्या क्रमांकावर बसवंत बिराजदार, किराणा, माळेवाडी.

अक्षरा एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला वाणिज्य शिकवायची. मी तिला दोन बॅचच्या मधल्या सुट्टीत गाठलं. तेवीस वर्षांची असेल, हाताला खडू लागलेला.

"आमच्या दुकानात तुमचा अंक आला होता, मॅडम, टपालानं," ती म्हणाली. "मी तवा नववीत. त्यात अप्पांचं नाव बघून मला वाटलं सरकारी कागदावरनंच उतरवलंय. मग एम.कॉम.ला सरांचा लेख अभ्यासाला आला."

"आईला दाखवलंस, तू काय लिहिलंयस ते?"

तिनं हाताचा खडू झटकला. "न्हाई मॅडम. आईला त्या पुस्तकाचं लई अप्रूप हाय."

सरांना मी दोन्ही लेखांची मुद्रितं पाठवली. ज्याच्या लेखावर टीका असेल त्याला उत्तर द्यायला आठ दिवस द्यायचे, हाही त्यांचाच नियम. खाली मी माझं निवेदन जोडलं होतं: सर्वेक्षक मी होते, चूक माझी आहे. ते आठ दिवस मला जेवण गोड लागलं नाही. सर बोलायचेच बंद झाले तर, हा एकच विचार. वडील गेल्यावर मला 'ग' म्हणणारे तेवढेच राहिले होते.

आठव्या दिवशी पोस्टकार्ड आलं. 'प्रतिवाद नाही. प्रश्नावली माझी होती. दुकानात कोण बसते, हा प्रश्न मी घातला नव्हता, तेही छापावे. — वीरण्णा.' माझं नाव नाही, आशीर्वाद नाही. मी ते शब्दशः छापलं.

कार्यक्रम झाला. उदगीरचे पाहुणे आले, शाली आल्या, भाषणं झाली. सरांनी हार घालून घेतला तो चेहरा पाडूनच. माझ्याशी दोनच गोष्टी बोलले. "मुद्रणाच्या चुका चार हायत," ही पहिली. आणि मंडपातून निघताना, चप्पल पायात सरकवत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या नऊ जणींना अंक पोचवलेस का?"

"पोस्टानं पाठवते, सर."

"पोस्टानं नको. पाणी पिऊन ये."

आठ घरं दोन रविवारांत झाली. माळेवाडी मी मुद्दाम शेवटी ठेवली. नवं गाव, सरळ रस्ते, एकासारखी एक घरं, दहा वर्षांत वाढलेली कडुलिंबं. अक्षरा सोबत होती. दुकान आता पक्कं होतं, पण बोर्ड तोच, फक्त पुन्हा रंगवलेला. आत गौरम्मा बसल्या होत्या. केस पांढरे झालेले, पदर तसाच.

मी कोण ते अक्षरानं सांगितलं. मी हातात अंक घेऊन उभी राहिले आणि जे ठरवून आले होते ते बोलले: तेव्हा मी चुकीचं लिहिलं, तुम्ही दुकान चालवत होता आणि मी तुमचं नाव घातलं नाही, आता दुरुस्त केलंय. सतराव्या क्रमांकाचं पान उघडून दाखवलं. 'गौरम्मा बिराजदार, किराणा, माळेवाडी.'

त्यांनी पानावरून बोट फिरवलं. अक्षरानं हळू वाचून दाखवलं. मग गौरम्मा एकदम उठल्या आणि मागच्या फळीपाशी जाऊन अशा उभ्या राहिल्या, की फळी त्यांच्या पाठीआड झाली. फळीवर बसवेश्वरांची तसबीर होती आणि तिच्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला आमचा पंच्याण्णवचा अंक.

"जुनं पुस्तक वापस न्यायला आलाव काय?" त्यांनी विचारलं.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. चुकीचा कागद असला की कचेरीतली माणसं येऊन तो परत मागतात, हे त्यांनी या दहा वर्षांत पाहिलेलं.

"न्हाई नेऊ देणार मी," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण हात फळीवर घट्ट होता. "तुमी चुकलाव आसाल. मला तवाच ठाऊक हुतं. पोरीकडनं वाचून घेतलं हुतं मी. त्यात लिवलंय, दुकान उघडलं म्हणून. त्यांनी उघडलं म्हणून."

अक्षरा जमिनीकडे बघत होती. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

"नाही नेत," मी म्हणाले. "तुमचंच आहे ते. हे नुसतं द्यायला आले."

गौरम्मांनी नवा अंक घेतला. पदरानं पुसला, जुन्याची पिशवी उघडली आणि दोन्ही आत शेजारी शेजारी बसवले.

"ऱ्हाऊ द्या दोनी," त्या म्हणाल्या. "त्यात ते हायत. ह्यात मी हाय."

मग त्यांनी माठातलं पाणी आणलं. मी तांब्या रिकामा केला.